जननीच्या राईतला पंधरावा गडी

हे समोर दाट रान दिसतंय ना, ती जननीची राई. आणि हे कमरेएवढे दगड ओळीनं रोवलेत, ती तिची हद्द. दगडांच्या अलीकडं आमचं खामसरीचं मैदान, पलीकडं देवीचं. पलीकडं जायचं असेल तर खुशाल जा, पण बूट काढून. आणि परत येताना तळपायाला चिकटलेलं पान दगडापाशी पुसून या. राईतली वाळकी काटकीसुद्धा आजवर कुणी बाहेर आणलेली नाही. जे आत गेलं ते जननीचं. लोकांनी पावसाळ्यात चूल पेटली नाही म्हणून पाण्याबरोबर पीठ गिळलंय, पण राईत कोयता नेला नाही.

आता तुमचा प्रश्न. मघाशी तुम्ही फिदीफिदी हसत होता, मी बघत होतो. सरावात आमच्या पोरानं चेंडू टेकवला, आणि गड्यांना मिठ्या मारायच्या सोडून राईकडं तोंड करून बोंबलला, "एक आमची, शून्य त्यांची!" तिकडं कोण ऐकतंय, माकडं? असं तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं. म्हणा बापडे. पहिल्यांदा येणारा प्रत्येक संघ हेच म्हणतो. पण दुपारी तुमचा गुण झाला, की तुम्हालाही ओरडावं लागेल. पाहुण्यांचा गुण पाहुण्यांनीच ओरडायचा, हा इथला रिवाज आहे.

पंच आत्ताशी खालच्या वाडीला पोचलेत. घाट चढून यायला त्यांना तास लागेल, पोट सुटलंय त्यांचं. तोवर बसा, सांगतो. मी धाऊ ढेबे, हे मैदान राखतो. ह्यातलं मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, सगळं बापाकडून ऐकलेलं. बापाचं नाव बमू ढेबे. ते नाव ध्यानात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्याच्याच पायानं झाला.

असं सांगतात, की साहेबाचं राज्य होतं तेव्हा इथला तुळाजी कचरे मुंबईला एका जिमखान्यावर माळी होता. रूळ ओढायचा, गवत कापायचं, आणि खेळाच्या दिवशी फक्की मारायची. फक्की म्हणजे चुन्याच्या रेघा हो, मैदानावरच्या. तुळाजीची रेघ बघायला म्हणे दुसऱ्या जिमखान्यांचे माळी यायचे. एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढी हलायची नाही. त्या रेघांच्या आत साहेबलोक लांबट चेंडू काखेत मारून पळायचे, एकमेकांना आडवे पाडायचे, चिखलात लोळायचे. तुळाजी रेघेबाहेर चुन्याची बादली घेऊन बसलेला. असा तो वीस वर्षं बसला.

बसून बसून खेळ त्याला तोंडपाठ झाला. चेंडू हातानं पुढं द्यायचा नाही, मागंच द्यायचा. घेऊन पळायचं, आणि पल्याडच्या शेवटच्या रेघेवर नाहीतर तिच्यामागं नेऊन जमिनीला टेकवायचा. त्याला तुम्ही ट्राय म्हणता. तुळाजी 'टेक' म्हणायचा, म्हणून खामसरीत टेकच म्हणतात. पण वीस वर्षांत एकानंही त्याला म्हटलं नाही, की तुळाजी, ये, घे चेंडू, पळ. एकदा मैदान मोकळं बघून त्यानं चेंडू काखेत घेतला आणि चार पावलं पळाला, म्हणे. लांबून कुणीतरी हाक मारली, "ए माळी!" तुळाजीनं चेंडू होता तिथं ठेवला आणि बादली उचलली. हे त्यानं माझ्या बापाला स्वतः सांगितलं होतं. सांगताना हसला नाही, असं बाप म्हणायचा.

मग साहेबांचं राज्य गेलं आणि साहेबही गेले. जाताना कुणी खुर्च्या वाटल्या, कुणी कुत्री वाटली. तुळाजीच्या वाट्याला एक जुना चेंडू आला, कातड्याचा, ठिकठिकाणी शिवलेला. तो घेऊन गडी खामसरीला आला.

राईला लागून त्याचं नाचणीचं वावर होतं. साऱ्या शिवारात तेवढाच सपाट तुकडा. तुळाजीनं काय करावं? बांध फोडले, धोंडे वेचले, रूळ नव्हता म्हणून ओंडका ओढला, आणि नाचणीच्या वावराचं मैदान केलं. त्याच्या बायकोचं नाव ठकूबाई. ठकूबाईच्या तोंडाला सारी खामसरी वचकून असायची. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "वीस वर्सं मुंबईला राहून माणसं सोनं आणत्यात, आमच्या येड्यानं चपटं भोपळं आणलंय," असं ती पाणवठ्यावर उघड बोलायची. पण वावर तिनं दिलं. का दिलं, कुणी विचारलं तर म्हणायची, "ते झोपेत पळत्यात. पाय हलवत्यात. मी बघितलंय."

तीन वर्षं तुळाजीनं गावची पोरं तयार केली. ढेबे, मरगळे, कचरे, सगळी धनगराची नाहीतर कुणब्याची, डोंगर चढून पायाच्या पोटऱ्या दगड झालेली. चौदा पोरं आणि पंधरावा तो स्वतः. वय पन्नाशीकडं झुकलेलं. कानशिलं पांढरी, पण पळायचा म्हणे सांबरासारखा. चेंडू एकच. म्हणून तुळाजीनं एक नियम घातला, तुमच्या पुस्तकात नसलेला: राईच्या दिशेनं चेंडूला पाय लावायचा नाही. हातानं काय करायचं ते करा. पायानं मारलात आणि राईत गेला, तर गेला. जननी परत देत नाही.

पण खेळायचं कुणाशी? पंचक्रोशीत हा खेळ कुणाला ठाऊक नाही. सात आणि आठ अशा दोन फळ्या करून आपसातच रेटारेटी. रेटा म्हणजे खांद्याला खांदा लावून ढकलायचं ते, तुमचा स्क्रम. अशानं तुळाजी खंतावला होता. त्याला काय हवं होतं ते साऱ्या गावाला माहीत होतं. दोन पुरे संघ, बांधावर बघणारी माणसं, आणि त्यात एकदा आपण चेंडू काखेत घेऊन त्या शेवटच्या रेघेवर टेकवायचा. एकदाच. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं.

आणि एका हिवाळ्यात सैनिकांची एक तुकडी गडाकडं कूच करत आली आणि ओढ्याकाठी मुक्कामाला थांबली. संध्याकाळी त्यांचा सुभेदार सहज फिरत इकडं आला, आणि बघतो तर काय, दोन्ही टोकांना रग्बीचे खांब! ह्या डोंगरात! त्याला वाटलं आपल्याला ऊन लागलं. तुळाजीनं त्याचा हात धरून साऱ्या मैदानाला एक फेरी घालून आणली. सुभेदारानं खाली वाकून रेघ बघितली आणि विचारलं, "ये लाइन किसने मारी?" तुळाजी म्हणाला, "मीच." सुभेदारानं त्याला सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी दुपारी सामना ठरला. तिसऱ्या दिवशी पहाटे तुकडी हलणार होती.

सामन्याचं काय सांगू? बापाला विचारलं तर तो निम्मा सामना उभं राहूनच सांगायचा. पोरं अनवाणी, सैनिक बुटांत. तुळाजीनं नवी बंडी घातलेली. पहिली टेक सैनिकांनी केली. दुसरी आमच्या मरगळ्यांच्या रामूनं. मग त्यांची, मग आमची. दोन-दोन झाली; मोजायची ती नुसती टेक, असं ठरलेलं. अर्धा खेळ संपल्यावर बाजू बदलल्या, आणि आमची पोरं राईच्या अंगाला चढाई करायला लागली. सैनिकांनी एकदा चेंडूला असली लाथ घातली, की तो घारीसारखा गेला आणि खांबांच्या मधून पडला. साऱ्या बांधावरून 'अबबब' झालं. माझ्या बापानं ती लाथ बघितली. वय एकोणीस. तिथंच माती खाल्ली त्यानं.

थोड्या वेळानं चेंडू बापाच्या हातात आला. समोर दोन सैनिक. डाव्या हाताला, एक पाऊल मागं, तुळाजी. त्याच्यापुढं कुणी नाही. रेघ वीस-पंचवीस पावलांवर. तुळाजी ओरडतोय, "बमू, मागं दे! मागं दे!" नुसता हात मागं न्यायचा होता, चेंडू सोडायचा होता. वीस वर्षं आणि तीन वर्षं ज्यासाठी गेली, ते एका हाताच्या अंतरावर होतं. आणि माझ्या बापानं, देव त्याचं भलं करो, चेंडूला लाथ घातली.

खांबांवरून गेला. दगडांवरून गेला. पानं सळसळली आणि गप्प झाली.

बाप सांगायचा, तुळाजीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यापेक्षा पेकाटात लाथ घातली असती तर बरं झालं असतं, असं बाप मरेपर्यंत म्हणत होता. मला विचाराल, तर मलाही अजून राग येतो. आपल्या बापाचा राग येऊ नये, पण येतो.

एक सैनिक सहज चेंडू आणायला निघाला. सारी पोरं आडवी आली. सुभेदाराला कळेना. राई म्हणजे काय, हे लुमाजी गुरवानं त्याला समजावलं. लुमाजी देवीचा पुजारी, सत्तरीचा, सावकाश बोलणारा. सुभेदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसरा चेंडू? दुसरा नव्हता. त्यांच्याकडं नव्हता, आमच्याकडं नव्हता, चार तालुक्यांत नसेल. सैनिक आपले बूट झाडायला लागले. खेळ संपला, असं सगळ्यांना वाटलं. नुसता त्या दिवसाचा नाही, कायमचाच.

तेव्हा तुळाजी लुमाजीला म्हणाला, "कौल लाव."

राईत दहा-वीस पावलांवर जननीचं छोटं देऊळ आहे. आत मूर्ती नाही, पाषाण आहे. पाषाणाला पाण्यानं दोन कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर देवीची मर्जी आहे, डावी पडली तर नाही. सारे अनवाणी आत गेले. सुभेदारानंही बूट काढले. लुमाजीनं विचारलं, "आई, पोरांचा चेंडू परत देतीस का?" डावी पडली. "कोंबडं घे." डावी. "बोकड घे." डावी. "बारा गावचं जेवण घालतो." डावी. लुमाजी दमला. पोरांची तोंडं उतरली. एवढ्यात तुळाजी पुढं झाला आणि म्हणाला, "चेंडूच्या बदली मी राहतो, आई." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी उजवी कळी पडली, असं सांगतात. बाप म्हणायचा, वारा आला होता. खरं काय ते जननीला ठाऊक.

लुमाजीनं त्याचा दंड धरला. त्यानं समजावलं, "तुळाजी, राहतो म्हणजे कायमचा. हद्दीबाहेर पाऊल नाही. मेलास तरी नाही." पोरं रडायला लागली. आमच्या बापानं तर पायच धरले. तेव्हा तुळाजी जे बोलला, ते आमच्या मंडळाच्या खोलीत भिंतीवर लिहिलंय, बघितलंत का? "मला बाहेर बसून खेळ बघायची सवय हाय. पोरांना न्हाई."

मग त्यानं स्वतः शोधून हिरड्याच्या बुंध्याशी पडलेला चेंडू उचलला, दगडांपर्यंत आला, आणि चेंडू मैदानात टाकला. तो आत राहिला. आमचे चौदाच उरले, म्हणून सुभेदारानंही आपला एक गडी बसवला. खेळ सुरू झाला. ह्या टोकाला चाललेलं तुळाजीला दिसत होतं, पण मावळतीच्या टोकाला ऊन डोळ्यावर येऊन काही दिसेना. तो आतून विचारायला लागला, "कुणाची झाली रं? कुणाची?" तेव्हा तिकडं टेक केलेला सैनिकच राईकडं तोंड करून ओरडला, की आमची झाली, तुमच्या दोन आणि आमच्या तीन. कळलं आता? ते पहिलं ओरडणं. तेव्हापासून ज्यानं गुण केला त्यानं राईला सांगायचं, ही रीत पडली.

सामना हरलो आम्ही. दुसऱ्या गावच्या गोष्टींत जिंकत असतील, आमच्या गोष्टीत हरलोय.

आता ठकूबाई. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती घरी सैनिकांसाठी भाकऱ्या थापत होती. दिवस कलताना डोक्यावर पाटी घेऊन आली, सगळ्यांना वाढलं, आणि नवरा दगडांपलीकडं बसलेला बघून म्हणाली, "अहो, तिकडं काय बसलायसा? चला, जेवा." तुळाजीच म्हणाला, "मी येत न्हाई, ठकू. मला हिथंच वाढ." हळूहळू तिला सगळं समजलं. तिनं पाटी खाली ठेवली, आणि मग जे तोंड सोडलं! पोरांना, लुमाजीला, सुभेदाराला, कुणाला म्हणून ठेवलं नाही. सैनिक मान खाली घालून भाकरी खात होते. "कातड्याच्या भोपळ्यापायी माझा माणूस दिलासा व्हय रं मुडद्यांनो!" आणि बोलता बोलता मटकन खाली बसून मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चेंडू घेऊन देवळात गेली. "घे तुझा चेंडू आणि दे माझा नवरा," म्हणाली. लुमाजीनं कळ्या लावल्या. डावी पडली. पुन्हा लावल्या. डावी. देवीला एकदा दिलेलं बदलून मागता येत नाही, लुमाजी म्हणाला. तुळाजी देवळाच्या पायरीवर बसून होता. तोही म्हणाला, "ठकू, शब्द दिलाय मी." देवीनं नाकारलेला तो चेंडू तिनं बाहेर आणून पोरांच्या अंगावर फेकला. "खेळा आता. न्हाई खेळलासा तर बघा."

तर असा तुळाजी नऊ वर्षं राईत राहिला. देवळाच्या पडवीत निजायचा. आत झरा आहे, वाळकं लाकूड आहे. आतल्या आत वापरायला देवीची हरकत नाही. रोज दुपारी ठकूबाई भाकरी घेऊन यायची. ती दगडाच्या अलीकडं बसायची, तो पलीकडं, मध्ये भाकरी. आणि रोज भांडण. आज कोरड्यास खारट झालं, काल चटणी का नाही आणली. लोक म्हणायचे, मुंबईला होता तेव्हा वर्षातून एकदा भांडायची, आता रोज भांडायला मिळतं, ठकूबाईची तब्येत सुधारली. तिच्या दुसऱ्या वावरात नांगरट, लावणी, मळणी चौदा पोरं करायची. सांगावं लागत नव्हतं. माझ्या बापानं तर तिच्या उंबऱ्यावरच ठाण मांडलं होतं. ती त्याला जेवायला वाढायची आणि वाढताना शिव्या घालायची.

तुळाजी आतून पोरांना शिकवायचा. "मागं दे! वाकून पळ! अरं, नवरीवाणी काय चाललायस?" पलीकडच्या खोऱ्यात एक संघ झाला, मग आणखी एक. चेंडूही दोन-चार आले. पण तुळाजीच्या डोळ्यांत फुलं पडायला लागली. ह्या टोकाचंही दिसेना. मग दोन्हीकडचे गुण ओरडून सांगायला लागले.

नवव्या वर्षी त्याला खोकला लागला. ठकूबाईनं हुलग्याचं कढण पाजलं, काढे पाजले, उतार पडेना. अंगात नुसती हाडं राहिली. एक दिवस माझा बाप त्याच्याजवळ पाय दाबत बसला होता. तुळाजी म्हणाला, "बमू, वीस वर्सं रेघा मारल्या रं. एकदा तिच्यावर चेंडू टेकवायचा राहिला." तक्रार म्हणून नाही, अशीच आठवण काढल्यासारखं. त्यावर डोळा लागला त्याचा.

बाप तिथून उठला तो थेट ठकूबाईकडं. ती जात्यावर बसली होती. त्यानं सांगितलं. तिनं जातं थांबवलं. दळण तसंच टाकून, हाताला पीठ तसंच, ती मैदानावर आली. दगडांपासून शेवटच्या रेघेपर्यंत पावलं मोजली. अकरा भरली. मग ती बापाला म्हणाली, "जा, समद्यांना बोलाव. पहारी घेऊन या म्हणावं."

"कशाला?"

"त्यांना बाहेर येता येत न्हाई न्हवं? मग राईच सरकवा की म्होरं."

लुमाजी काठी टेकत आला. हद्दीचे दगड पूर्वजांनी रोवलेत, हलवायचे नाहीत, राई कमी करणाऱ्याचा निर्वंश होतो, असं बरंच बोलला. ठकूबाईनं पदर खोचला. "कमी कोण करतंय? वाढवतीय मी. राई वाढवू ने, असं तुमच्या कोणत्या पूर्वजानं सांगितलंय?" मग लुमाजी म्हणाला, निदान कौल तरी लावू. ती म्हणाली, "वावर माझं. माझी जमीन मी आईला चोळीबांगडी म्हणून देतीय. घ्यायला लाजंल व्हय ती?"

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातल्या संघाशी सामना होता. तो संघ सकाळी आला, आणि काय चाललंय ते समजल्यावर तोही कामाला लागला. दोन्ही संघांचे गडी. पहारीनं एकेक दगड उचकटायचा, खांद्याचा रेटा लावायचा, अकरा पावलं पुढं आणून पुन्हा रोवायचा. रेघेला अगदी लागून रोवायचे होते, म्हणून आधी रेघ पाहिजे. आणि फक्की मारायला हात रिकामा कुणाचा? एकीचाच. ठकूबाईनं घर सारवायला ठेवलेला चुना पाटीत घेतला, आणि मुठीनं सोडत गेली. दोरी नाही, खुंटी नाही. उभ्या आयुष्यात तिनं रेघ मारली नव्हती. दारातली रांगोळीसुद्धा तिची कधी धड आली नव्हती, म्हणे. आणि डोळ्याला पाणी.

दुपारी सामना सुरू झाला. तुळाजीला दोघांनी धरून आणलं, नव्या दगडांपर्यंत. पायाखाली मैदानाचं गवत लागलं तसा तो थांबला. "अरं, हे कुठं आणलं मला? हद्द मोडली का काय?" बाप म्हणाला, "हद्द मोडली न्हाई काका. हद्दच आलीय तुमच्यासंगं." तुळाजीनं हात पुढं करून दगड चाचपला. दगडाला अजून ओली माती होती.

बाप मैदानात गेला. खेळ कसा झाला मला विचारू नका, कुणालाच आठवत नाही. एवढंच ठाऊक आहे, की चेंडू बापाच्या हातात आला आणि तो ह्या टोकाकडं पळत सुटला. ज्यांनी आडवं यायला हवं होतं, त्यांनी आडवं यायचं विसरल्यासारखं केलं. रेघेपाशी आला. स्वतः टेकवायचा नाही. दगडांमधून हात घालून चेंडू तुळाजीच्या हातात ठेवला. आता नियमानं बघाल, तर तो पुढं दिलेला चेंडू. शिट्टी वाजायलाच पाहिजे होती. पण पंचाच्या तोंडात त्या घटकेला चिलट गेलं होतं, असं तो पुढं जन्मभर सांगत होता.

तुळाजीनं चेंडू काखेत घेतला. गुडघ्यावर बसला. दोन दगडांच्या मधून पुढं वाकला आणि चेंडू रेघेवर टेकवला. छातीनं दाबून धरला. दोन्ही संघ, बांधावर सगळं गाव, कुणी हलेना. तो उठेना. बापाला वाटलं, संपला. मग तुळाजीची पाठ हलायला लागली, हुंदक्यांनी. बराच वेळ रडला. मग त्यानं चुना बोटांनी चाचपला, मान जमिनीला लावली, डोळा रेघेला लावला, डाव्या अंगाला बघितलं, उजव्या अंगाला बघितलं. अंधुक डोळे ते, पण चुना पांढरा असतो. म्हणाला,

"रेघ कुणी मारली रं ही? पार वाकडी हाय."

ठकूबाई शेजारीच उभी होती, कोपरापर्यंत पांढरी.

"मी मारली," ती म्हणाली. "सरळ पायजे तर भाईर येऊन मारा."

तुळाजी हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. ठकूबाई दगडाला टेकून खाली बसली आणि त्याच्या तळहाताचा चुना आपल्या पदरानं पुसत राहिली. सामना तिथंच थांबला. पुढं खेळायला कुणाचं मन होईना. त्याच महिन्यात तुळाजी गेला. त्याला आतच हिरड्याखाली ठेवलंय. ठकूबाई पुढं पंधरा वर्षं जगली, आणि रोज दुपारी इथं येऊन बसायची.

दगड परत मागं नेले नाहीत. दिलेली जमीन कोण परत घेणार? म्हणून आजही ह्या टोकाला रेघेमागं मैदानच नाही, लगेच राई. तेव्हा तुम्हाला आधीच सांगून ठेवतो: इकडं टेक करायची तर बरोबर रेघेवरच करा. जोरात येऊन चेंडूसकट पलीकडं गेलात, तर तुम्ही परत याल, चेंडू येणार नाही. त्या अकरा पावलांत आता जांभळी उठल्यात, हिरडे उठलेत, तुमच्या डोक्यावरून उंच.

आणि आजही बाकीच्या साऱ्या रेघा मी दोरी लावून मारतो, पण ती एक रेघ गावातली बाई मारते, नुसत्या मुठीनं. आज माझ्या सुनेनं मारलीय. गेल्या साली एक नवे पंच आले होते, शिस्तीचे. रेघ बघून म्हणाले, "हे चालणार नाही. दोरी लावून सरळ करा, त्याशिवाय मी शिट्टी वाजवणार नाही." सून हातातली पाटी खाली ठेवून म्हणाली, "साहेब, सरळ मारणारा माणूस आत हाय. तुम्ही हाक मारून बघा, आला तर आम्हाला पायजेच हाय."

पंच राईकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी शिट्टी तोंडात घातली.